पिलांवरची मरळ

पुण्यात आल्यावर मी माझ्या वडिलांचा व्यवसाय बदलला, आणि तोही त्यांना न विचारता. गावाकडे, भंडाऱ्याच्या पलीकडे, ते तलावात मासे धरायचे, अजूनही धरतात. पुण्यात मी त्यांना चार एकर धानाची शेती देऊन टाकली. सातबारा तेवढा नव्हता, बाकी सगळं होतं.

सुरुवात वारज्यातल्या फ्लॅटपासून झाली. घरमालक निवृत्त शिक्षक, अतिशय सभ्य. त्यांनी चहा दिला, दिव्याचं बिल कोण भरणार ते सांगितलं आणि मग विचारलं, "आपण घरी मांसमच्छी वगैरे करत नाही ना?" मी नाही म्हणालो. पाठोपाठ वडील काय करतात हेही आलं. एका वाक्यापूर्वी मच्छी नाही म्हटलेल्या तोंडाने पुढच्या वाक्यात मासेमारी कशी सांगणार? शेती म्हणालो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी घर नाकारलंच असतं असं मी म्हणणार नाही. मी विचारूनच पाहिलं नाही. पुण्यात आमचं आडनाव कुणाला उलगडत नाही, ही माझ्या इथल्या राहण्यातली फार मोठी सोय आहे. गावाकडे आडनाव सांगितलं की समोरच्याला आमच्या अंगाचा वास यायला लागतो. इथे लोक फक्त "विदर्भातले का?" एवढंच विचारतात आणि संत्र्यांवर येतात. आमच्याकडे संत्री होत नाहीत, पण मी तेही कधी दुरुस्त केलेलं नाही.

तर असा मी ढिवराचा, म्हणजे पिढीजात मासे धरणाऱ्याचा मुलगा, चार वर्षं त्या फ्लॅटमध्ये पोहे, खिचडी आणि डब्यातली फ्लॉवरची भाजी खाऊन राहिलो. काम संगणकावरचं, आठवड्यातले तीन दिवस घरूनच. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सोमवारपर्यंत माझ्याशी बोलू शकेल असा माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही पिशवी दाराच्या कडीला अडकवून जायचा. रविवारी आजूबाजूच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. कुठल्या घरात किती माणसं असतील हे मी शिट्ट्यांवरून ओळखायचो. हा काही अभिमानाने सांगण्याचा छंद नव्हे.

म्हणून ऑफिसातले एक वरिष्ठ जेव्हा म्हणाले, की आम्ही तीन-चार जण रविवारी फ्लाय फिशिंगला जातो, येतोस का, तेव्हा मी ते काय असतं हे न विचारता हो म्हणालो. हे वरिष्ठ बरीच वर्षं अमेरिकेत राहून आले होते आणि ती विद्या तिथूनच घेऊन आले होते. दुसरे होते नारायण पेठेतले एक दातांचे डॉक्टर. त्यांच्या घरी तर अंडंसुद्धा शिजत नाही. काठी घरात आली तर चालेल, वास येता कामा नये, एवढ्या अटीवर पत्नीने परवानगी दिली होती. "आम्ही मासे धरतो आणि सोडतो," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "पेठेत पाहुण्यांनाही आम्ही असंच सोडतो, चहा न देता."

पहिले दोन रविवार पाण्यावर गेलोच नाही, एका मोकळ्या मैदानावर गवतात काठी फिरवायला शिकलो. या काठीला, म्हणजे रॉडला, गळासारखं वजन नसतं. टोकाला पिसांनी आणि दोऱ्याने बांधलेला खोटा किडा, म्हणजे फ्लाय, फुंकर मारली तर उडेल असा. तो लांब टाकायचा तर वजन लागतं ते दोरीचं. दोरी आधी मागे फेकायची, ती मागे पूर्ण उलगडू द्यायची आणि मग पुढे सोडायची. नवीन माणूस घाई करतो आणि दोरी स्वतःच्याच कानाभोवती गुंडाळून घेतो. मी घाई केली नाही. चौथ्या-पाचव्या फेकीला दोरी माझ्या खांद्यावरून सरळ गेली आणि पार टोकाला जाऊन अलगद टेकली. सगळे थांबले. कुठे शिकलास, असं वरिष्ठांनी विचारलं. यूट्यूबवर, मी म्हणालो.

शिकलो होतो गावच्या तलावात, कंबरभर पाण्यात, नऊ-दहा वर्षांचा असताना. फेकजाळं टाकायचं तर अर्धं खांद्यावर घ्यायचं, अर्धं हातात, आणि काठावरची शिशाची एक गोळी दातात धरायची. मग कमरेतून वळायचं, आणि जाळं हातातून सुटेल त्याच क्षणी दात सोडायचे. दात आधी सोडले तर जाळं चिंधीसारखं पडतं, उशिरा सोडले तर दात जातो. नीट पडलं तर भाकरीसारखं गोल उघडतं. बाबांचं जाळं प्रत्येक वेळी गोल उघडायचं. माझंही उघडायला लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोठं जाळं दिलं होतं.

ती सवय माझ्या जबड्यात राहून गेली आहे. रॉड मागे नेली की दात आपोआप आवळले जातात, आणि दोरी सुटली की तोंड उघडतं. डॉक्टरांनी हे लगेच टिपलं. "अहो, मासा तुम्ही हाताने धरणार आहात की तोंडाने?" ते म्हणाले. मी हसलो आणि पुढच्या वेळेपासून तोंड फिरवून उभा राहायला लागलो.

दोन्ही मासेमाऱ्यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मी सांगू शकेन. जाळ्यात आलेला मासा घरी येतो, फ्लायला लागलेल्याचा फोटो येतो. गावाकडे जाळ्याच्या दोरीला जो हात लावील त्याला वाटा मिळतो, हात लावायला घरात कुणी उरलेलं नाही अशा म्हातारीलाही मिळतो. इथे माझा मासा तो माझा, आणि त्याचं काही करायचं नसल्यामुळे वाटायचाही प्रश्न नाही. पण खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. पहाटे कुणीतरी पुलाखाली गाडी घेऊन येत होतं, हॉर्न माझ्यासाठी वाजत होता. डब्यातले पराठे पुढे केले जात होते. परतताना सगळे आपापल्या घरी गेले की मग तो फ्लॅट होताच.

बाबांना मी फोनवर एवढं सांगितलं होतं, की इथे मी पण रविवारी मासोळ्या धरतो. त्यांना आनंद झाला. किती निघतात, असं विचारलं. मी म्हणालो, निघतात चार-पाच, पण आम्ही सोडून देतो. मग म्हणाले, "मंग भाजी कायची करता?"

त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. मी हट्टाने त्यांना पुण्याला आणलं आणि ऑपरेशन करवलं. येताना त्यांनी माझ्यासाठी वाळवलेले झिंगे, म्हणजे सुकट, आणले होते. मी ते तीन पिशव्यांत गुंडाळून कपाटात ठेवले आणि वर कापूर ठेवला. ते बघत होते. ऑपरेशननंतर काळा चष्मा, दर चार तासांनी थेंब, डोळ्याला पाण्याचा शिंतोडा नाही. दोन आठवडे ते बाल्कनीत बसून चौकातल्या गाड्या बघत होते. सगळं किती निळं दिसते, एवढंच अधूनमधून म्हणायचे.

गणपती जाऊन आठवडा झाला होता. वरिष्ठांचा शनिवारी फोन आला, मी वडिलांचं कारण सांगितलं, तर ते म्हणाले, त्यांनाही आणा, बसतील काठावर, हवापालट होईल. फोन स्पीकरवर होता. मी वळून पाहिलं तर बाबांनी खुंटीवरचा चांगला सदरा काढून हातात घेतला होता.

रविवारी निघण्यापूर्वी मला ते सांगावंच लागलं. घरात असूनही मी आवाज खाली घेतला. म्हणालो, "बाबा, त्या लोकायले मी शेती सांगितली आहे. धानाची." ते सदऱ्याची बटणं लावत होते. एक बटण लावून झालं, दुसरं झालं.

"किती एकर?"

"चार."

"चार लय झाले," ते म्हणाले. "दोन सांगाचे होते."

गाडीत ते डॉक्टरांच्या शेजारी पुढे बसले. डॉक्टरांना बोलायला आवडतं. धान कधी लावता, पाणी किती लागतं, भाव मिळतो का, हे सगळं त्यांनी विचारलं आणि बाबांनी सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतंच. माझी आई आयुष्यभर लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवणीला जात होती. कुठेही अडखळले नाहीत. मग डॉक्टरांची नजर गेली ती दातांकडे. पुढच्या दोन दातांना खाच आहे तुमच्या, ते म्हणाले, काय चावता? मागच्या सीटवर मी जिभेने माझे पुढचे दात चाचपले. "पोते शिवतो जी," बाबा म्हणाले. "सुतळी दातानंच तोडतो." डॉक्टरांनी त्यांना सुतळीसाठी कात्री वापरायचा सल्ला दिला आणि बाबांनी तो मान हलवून घेतला.

पानशेतच्या बाजूला धरणाचं पाणी एका ठिकाणी जुन्या शेतांत शिरतं. तिथे बुडालेले बांध आहेत, गवत आहे, आणि सप्टेंबरात पाणी काठोकाठ असतं. वरिष्ठांनी बाबांसाठी घडीची खुर्ची आणली होती. ते थोडा वेळ तिच्यावर बसले, मग उठून एका दगडावर जाऊन बसले. मी दोन-तीनदा वळून पाहिलं. काळ्या चष्म्यामुळे ते कुठे बघताहेत हे कळत नव्हतं. तासाभरात कुणालाच काही लागलं नाही.

मग बाबांचा हात उठला. पाण्याकडे, थोडा डावीकडे, बोट लांब झालं आणि तिथेच थांबलं. मग तोच हात चष्मा नीट करायला वर गेला. हे मी एकट्याने पाहिलं. नव्या डोळ्याने त्यांना ते आमच्या सगळ्यांच्या आधी दिसलं होतं. गवताच्या कडेला, ताटाएवढ्या जागेत, पाणी लालसर झालं होतं आणि शिजत्या भातासारखं हलत होतं.

ती मरळीची पिलं होती. मरळीची पिलं लहानपणी लाल असतात, शेकड्यांनी एकत्र वर येतात, श्वास घेतात, पुन्हा खाली जातात. त्यांच्या खाली मरळ असते. ती काही खात नाही, कुठे जात नाही, फक्त फिरत राहते आणि जवळ येईल त्याच्या अंगावर धावते. आमच्या गावात पिलांवरच्या मरळीवर कुणी जाळं टाकत नाही. त्यात देवाधर्माचं काही नाही. ती हलली की पिलं गेली, एवढंच. आमच्या शेजारच्या एकाने एकदा टाकलं होतं. त्या वर्षी त्याला कुणी दोरीला हात लावू दिला नाही आणि बाबा तर त्याच्या पोरीच्या लग्नालाही जेवले नाहीत. आमच्यात निवडणुकीच्या भांडणावरूनसुद्धा कुणी लग्नाचं जेवण सोडत नाही.

एव्हाना वरिष्ठांनाही तो लाल डाग दिसला होता. ते आनंदाने कुजबुजत सांगायला लागले, की आई खालीच असणार, पिलांच्या मधोमध फ्लाय पडली की ती चिडून घेणारच, हमखास. फक्त फेक अचूक हवी. आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नको म्हणायला किती वेळ लागतो? तुला कसं ठाऊक असं विचारलं असतं तर यूट्यूबवर पाहिलंय म्हणालो असतो. तेवढं खोटं माझ्याजवळ तयार होतंच. पण मी नको म्हणालो नाही, कारण मला टाकायचं होतं. माझा हात अजून चालतो हे बाबांना दाखवायचं होतं. चार वर्षांत मी त्यांना पगाराचा आकडा सांगितला होता, फ्लॅट दाखवला होता, लिफ्ट दाखवली होती. त्यांना समजेल असं काही दाखवण्याची ही एकच संधी होती, आणि ती मला सोडवेना. याची आज मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या चार एकरांचीही वाटत नाही.

मी दात आवळले. दोरी मागे गेली, उलगडली, पुढे आली आणि फ्लाय बरोबर त्या लाल ताटात पडली. पाणी फुटलं. मरळ मोठी होती, हाताच्या कोपरापर्यंत भरेल अशी, आणि ती पळण्यासाठी नव्हे तर परत तिथेच जाण्यासाठी ओढत होती. ते मला दोरीतून कळत होतं. तिला काठावर घेईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली. हात ओले करून धरणं, गळ काढणं, फोटो, आधी माझ्यासोबत, मग सगळ्यांसोबत. डॉक्टरांनी बाबांनाही फोटोत बोलावलं. बाबा आले नाहीत. ते दगडावरून उठून पाण्याच्या अगदी कडेला उभे होते आणि माशाकडे त्यांची पाठ होती.

मी तिकडे पाहिलं. गवताच्या कडेला पाणी पुन्हा हलत होतं, पण आता वेगळं. चिलापी माशांचा एक थवा पिलांवर आला होता. टपटप आवाज येत होता, जोरात पाऊस पडताना पन्हाळीखाली येतो तसा. लाल डाग अर्धा झाला, मग मुठीएवढा राहिला.

तेव्हा बाबा वळून आमच्याकडे आले. मरळ माझ्या हातात होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग चष्म्याआडून माझ्याकडे, आणि शाळेत शिक्षकांशी बोलताना वापरायचे तशा सावकाश मराठीत विचारलं, "हा कोणता मासा म्हणायचा?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. मी "मरळ" एवढं म्हणालो असतो तरी पुष्कळ होतं. बाबा, मरळ आहे, आणि तुम्हाला ती माझ्याहून जास्त माहीत आहे.

"स्नेकहेड," मी म्हणालो.

"असं आहे का," ते म्हणाले.

मग वरिष्ठांनी त्यांना समजावून सांगितलं. अतिशय प्रेमाने, त्यांना पूर्ण कळावं म्हणून सोप्या शब्दांत. हा मासा वर येऊन हवेतला श्वास घेतो. पिलांची राखण करतो, म्हणूनच चिडतो. आणि आपण त्याला आता सोडून देणार, काका, आपण जीव घेत नाही. बाबा हात मागे बांधून ऐकत होते. मी मरळ पाण्यात ठेवली. ती क्षणभर थांबली आणि सरळ गवताच्या दिशेने गेली. तिथे तेव्हा काहीही नव्हतं.

डॉक्टरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. तुमच्या मुलाच्या हाताला देणगी आहे, ते म्हणाले, आम्ही पाच वर्षं करतोय, आम्हाला हे जमत नाही. कुणाकडून आली ही?

"आमच्या घरी हे कोणालेच येत नाही जी," बाबा म्हणाले. "त्याचं त्यानंच शिकलं."

परतताना ते मागे माझ्याजवळ बसले आणि झोपले, किंवा झोपल्यासारखे बसून राहिले. घरी आल्यावर मी खिचडी टाकली. थेंबांची वेळ झाली तेव्हा ते पलंगावर आडवे झाले आणि मी बाटली घेऊन उशाशी बसलो. दिवसभर त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नव्हता. तेच मला सोसत नव्हतं. मी म्हणालो, "बाबा, मी त्यायले खरं सांगून देतो. उद्याच फोन करतो. तुम्ही काय करता ते सांगतो."

त्यांनी चष्मा काढून छातीवर ठेवला. उजवा डोळा अजून लाल होता.

"आता नको सांगू," ते म्हणाले. "आता सांगशीन तं मी लबाड ठरीन."

मी पहिला थेंब घातला. दुसरा पाच मिनिटांनी घालायचा असतो. तेवढा वेळ ते डोळा मिटून पडून राहिले आणि मी बाटली धरून बसून राहिलो. गेल्या चार वर्षांत मी जे बोललो ते केव्हाही मागे घेता येईल असं मला वाटत होतं, मनात कुठेतरी तो दिवसही ठरवलेला होता. आता त्या खोट्यात त्यांचा शब्द होता, आणि त्यांनी आयुष्यात दिलेला तेवढाच एक खोटा शब्द मला माहीत आहे. मी तो मोडलेला नाही. त्या ग्रुपमध्ये मी परत गेलो नाही, पण कारण विचारलं तेव्हा पाठ दुखते म्हणून सांगितलं. हे लिहिताना सगळ्यांची नावं गाळली आहेत, ती बाबांनी नको म्हटलंय म्हणून.